शहाण्णवला उकळलेलं पाणी

बाईंना प्रयोगशाळा सोडवत नव्हती. निवृत्तीला जेमतेम एक सत्र उरलं होतं, आणि तो स्पिरिटचा वास, ती डाग पडलेली लाकडी टेबलं, सगळं आत्ताच जुन्या फोटोसारखं दिसायला लागलं होतं. किती पोरी इथून शिकून गेल्या! आता बाजारात भेटल्या की हातातल्या पिशव्या खाली ठेवून आवर्जून सांगायच्या की बाई, मला तुमच्या विषयात पैकीच्या पैकी होते. बाई कौतुकाने त्यांच्या पाठीवर हात फिरवायच्या, पण घरी येताना उगीच खट्टू व्हायच्या. मार्क सगळ्यांच्या लक्षात, शिकलेलं मात्र कधीच वाऱ्यावर गेलेलं.

त्यात बाईंचं एक गुपित होतं. त्यांचं गाव डोंगरावर, चांगलं उंचावर. तिथे पाणी शहाण्णव अंशांनाच उकळायचं. पुस्तकात छापलेलं शंभर. दरवर्षी पोरी तापमापीकडे बघायच्या, मग पुस्तकाकडे बघायच्या, आणि निमूटपणे शंभर लिहून मोकळ्या व्हायच्या. बाई चकार शब्द काढत नसत. कुणीतरी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून विचारेल, याची वाट बघता बघता त्यांचे केस पांढरे झाले. आता ही शेवटची तुकडी.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून एक सर आले होते, खालच्या शहरातले, कडक इस्त्रीचे. या तुकडीत एक चिमणी होती, जिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं, आणि तिची जोडीदार ढापणी, जिने पहिल्या नंबराला आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. दोघींच्या पेपरवर तापमापीत दिसलं तसं शहाण्णव लिहिलेलं बघून सरांनी लाल पेन उचललं आणि मार्क कापले. ढापणीचा पहिला नंबर गेला.

बाई पुढे झाल्या. त्यांनी सरांना उंचीचं समजावून पाहिलं. सर म्हणाले, खरं असेलही, पण मला दिलेल्या नमुना उत्तरात शंभर आहे. विषय संपला.

संध्याकाळी दोघी प्रयोगशाळेच्या दारात उभ्या. ढापणी आता रडणार, असं बाईंना वाटलं. आपण मुख्याध्यापकांकडे जाऊ, मार्क परत मिळवू, असं त्या घाईघाईने सांगू लागल्या.

"ते मार्कांचं नंतर बघू हो, बाई," ढापणी म्हणाली. "आधी बर्फ कुठे मिळेल ते सांगा."

"बर्फ कशाला गं?"

"तापमापी खोटं बोलतेय की पाणी, ते बघायचंय. बर्फात शून्य दाखवलं तर तापमापी सुटली."

बाई खुर्चीत बसल्याच. मग उठल्या आणि स्वतः कॅन्टीनमधून भांडंभर बर्फ घेऊन आल्या. पारा घसरत घसरत बरोब्बर शून्यावर टेकला. चिमणीने वाकून दोनदा वाचून पाहिलं. मग दोघींची जुंपली. पाण्यात मीठ होतं का, भांडं खराब होतं का, आणि भांडता भांडता ढापणी एकदम खिडकीबाहेरच्या दरीकडे बघत राहिली. खालच्या शहरात पाणी तापवलं तर, असं ती पुटपुटली, आणि तिचं तिलाच उमगलं. बाईंनी हसून मान डोलावली.

"तुम्हाला माहीत होतं?" चिमणीने कमरेवर हात ठेवले. "मग इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलंच नाही गं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला.

पण पोरींचं लक्ष होतं कुठे! आणखी वर गेलं तर पाणी आणखी लवकर उकळेल का, मग बटाटा शिजायला किती वेळ घेईल, स्टोव्ह कुणाच्या घरून आणायचा, यावर त्यांचा कलकलाट सुरू झाला होता. रविवारी टेकडीच्या माथ्यावर जायचं, हे ठरूनही गेलं. पहिल्या नंबराचं नाव कुणी काढलं नाही.

"बाई, तुम्ही याल ना? गुडघे दुखत असतील तर हळूहळू चढू."

गुडघे दुखतच होते.

"किती वाजता निघायचं?" बाईंनी विचारलं.