पिठातली रेघ

मित्रांनो, मला मागचे पाय नाहीत, आणि ते कधी नव्हतेच. मी एक जुनी पाइपची खुर्ची. दौंडच्या गेणबा वेल्डरनं कुठल्याशा साहेबाची खुर्ची बघून मला वाकवली आणि वायरनं विणली. बसलं की मी खाली झुलते, उठलं की वर येते. मांडवगण फराटा गावात आले तेव्हा बाया हसल्या, "ही लंगडी कुणाला पेलणार?" हसणाऱ्या गेल्या, मी आहे.

घरधनी सोपानराव रोज माझ्यावर बसायचे. परवा माझ्यावरच गेले. रीतीप्रमाणे माझ्याखाली दिवा लावला, पीठ पसरलं, दार लोटलं. मेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं, ते पिठातल्या पावलावरून कळतं म्हणे. सकाळी बघतात तर ना पाखराचा पाय, ना गाईचा खूर. दोन सरळ रेघा आणि एक गोल वळण.

सून अंजना सासूला ओरडून म्हणाली, "आत्याबाई, ही अवदसा आजच भंगारात घाला! रातभर झुलत व्हती. म्या कुरकुर ऐकलीया."

झुलत होते खरी. बसलेलं मात्र कुणी दिसत नव्हतं.

अंजनाची लेक तेजश्री पुण्याला चित्रकला शिकते. ती पिठावर वाकली. "आई, ही खुर्चीच्याच पाइपची खूण हाय. शंभर वर्षांमागं जर्मनीत बाऊहाउस नावाची शाळा होती. सुतार, विणकर, चित्रकार सगळे एकत्र शिकायचे. फुकाची नक्षी नको, रेघ, गोल, चौकोन बास, असं त्यांचं म्हणणं. असल्या खुर्च्या तवाच निघाल्या. पुढं सरकारच्या जाचानं शाळा बंद पडली, माणसं देशोदेशी पांगली. पण तुझ्या मोबाइलवरची चित्रं बघ, हायवेवरच्या जाहिराती बघ, आमच्या कॉलेजातली पोस्टरं बघ. तीच रेघ, तोच गोल."

"म्हंजी मेलेली शाळा अजून हिंडतीया?" सोपानरावांच्या बायकोनं, सिंधूबाईंनी विचारलं.

तेजश्री पुन्हा पिठावर वाकली.

दारात भंगाराचा टेम्पो थांबला. अंजनानं मला उचलायला हात घातला.

"हात काढ," सिंधूबाई कडाडल्या. "तुझ्या माहेरच्या सोफ्यावर मोर कोरल्यात, पर बसलं की ढेकणं चावत्यात. बसते मी हिच्यावर. बघू कोण उठवतंय."

त्या बसल्या. काडीसारखी बाई, पण मी झुकले ती दोघांच्या वजनानं. सिंधूबाईंनाही ते कळलं. त्या थोड्या एका अंगाला सरकल्या आणि पदर सावरला.

टेम्पो रिकामाच गेला.

मित्रांनो, आमचा गंज पुसत जा, वायर तुटली तर विणून घ्या. आणि रिकामी खुर्ची दिसली म्हणून धपकन बसू नका. आधी पाइपला हात लावा. कोमट लागला, तर जरा थांबा.