बुवाचा डावा पाय

या, जरा पुढे सरून बसा. मागच्यांनो, तुम्हीही या. खांबाला टेकून ऐकलेली कथा अर्धी खांबातच मुरते. आज एक गोष्ट सांगतो. ती देवाधर्माची आहे आणि पोपटाच्या सांधेदुखीचीही आहे. हसून घ्या आत्ताच, पुढे फारसं हसायला मिळायचं नाही.

डिचोलीजवळ सर्वण गावात गंगाकाकी राहते. नवरा अनंत खाणीवर टिप्पर चालवायचा. तो जाऊन चार वर्षं झाली. मुलगी स्नेहा मुरगावला असते. दर रविवारी ती फोन करते, आणि फोन ठेवला की काकीला घर आणखीच मोठं वाटतं. घरात दुसरा जीव एकच, बुवा. बुवा म्हणजे पोपट. सव्वीस वर्षांपूर्वी पंख मोडून खाणीच्या वाटेवर पडला होता, अनंतने टॉवेलात गुंडाळून घरी आणला. बोलण्याआधी मान वाकडी करून समोरच्यांकडे बघायची त्याची ढब थेट कीर्तनकाराची, म्हणून नाव पडलं बुवा.

त्या घराची एक रीत होती. दिवेलागणीला आरती झाली की सगळ्यांनी हात जोडायचे आणि मगच नैवेद्याचं केळं तोंडात घालायचं. अनंतने बुवालाही ते शिकवलं होतं. घंटा थांबली की तो डाव्या पायावर उभा राहून उजवा पाय उचलायचा, आणि केळ्याचा तुकडा त्याच पायात धरून खायचा. अनंत गेल्यावर आरतीला ही दोघंच उरली.

यंदा गणपतीची चवथ झाली आणि बुवाने पाय उचलणं सोडलं.

घंटा थांबली तरी तो दोन्ही पायांनी सळी धरून बसून राहायचा. मध्येच एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकायचा. पिंजऱ्यात वर चढायचं तर चोचीने गज धरून स्वतःला ओढून घ्यायचा. काकीने हे सगळं पाहिलं. अर्थ मात्र भलताच लावला.

शेजारचा धाकू पायलट, म्हणजे मोटारसायकलवर भाडी मारणारा, सकाळी पाववाल्या पोदेराकडून तिचेही पाव घेऊन यायचा. त्याने पिंजऱ्यात डोकावून विचारलं, "काय गो काकी, तुझ्या बुवाचा कीर्तन बंद?"

"रुसलोहा. देवाक हात जोडीत नाय."

"वय झाला असात त्याचा."

"माझा नाय झाला? मी सोडलंय आरती?"

"तू कसली सोडतस! देवच कंटाळान पळतलो एक दिवस."

काकी हसली नाही.

त्याच आठवड्यात देवळात कीर्तन होतं. कीर्तनकार गोड गळ्याचे, आणि झांजेवर साथ अशी की ऐकणाऱ्याचं मन आपोआप पुढे सरकावं. ते म्हणाले, देह तर कुरकुरणारच. त्याचं ऐकत बसलात तर नाम घेणार कधी? काकीचे डोळे भरून आले. बोलणं खरंच होतं हो, झोपलेल्याला जागं करणारं. पण काकीने ते घरी नेलं आणि पोपटाला लावलं.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर तिने केळ्याचा तुकडा पिंजऱ्याबाहेर धरून ठेवला. "आधी पाय उचल. देवाक नमस्कार केल्याशिवाय ह्या घरात कोण खाऊक नाय."

बुवाने मान फिरवली. ती थांबली. बऱ्याच वेळाने त्याने उजवा पाय बोटभर उचलला, तोच डावा थरथरला आणि तो सळीवरून घसरला. पंख फडफडवून कसाबसा सावरला. काकीने केळं दिलं. तिला वाटलं, आळस मोडला.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी त्याने केळ्याकडे बघितलंच नाही. तिच्या बोटाला चोच मारली, रक्त येईपर्यंत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला होता, पिसं फुगवून, शेपटीला घाण चिकटलेली. तिचा हात आत गेला तसा सरपटत कोपऱ्यात गेला. काकी तिथेच खाली बसली. हा गेला तर बोलायचं कोणाशी? दिवाबत्ती झाल्यावर 'चल, जेवया' कोणाला म्हणायचं? तिने उंबऱ्यातूनच हाक मारली, "धाकू, गाडी काढ रे!"

मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यावर टॉवेल, अशी ती धाकूच्या मागे बसून डिचोलीला गेली.

जनावरांची डॉक्टर गौरवी वयाने स्नेहाएवढीच. तिने बुवाला कापडात अलगद धरलं, एकेक बोट तपासलं. डाव्या पायाला हात लागताच तो किंचाळला.

"काकी, हे बघा. सांधा सुजलाय. तळव्याला घट्टा पडून फोड आलाय. संधिवात आहे. पिंजऱ्यात बसायला काय आहे?"

"लोखंडी सळी. त्याच्याच बापसान बसवलेली." बापूस म्हणजे अनंत.

"इतकी वर्षं एकाच जाडीच्या सळीवर, एकाच जागी दाब. आणि खायला?"

"खोबरां, शेंगदाणे. त्याका आवडतत."

"म्हणून तो जाडही झालाय. हल्ली काय वेगळं करतो?"

काकीने सगळं सांगितलं. पाय उचलायचं, केळं धरून ठेवायचं, अकरा दिवसांचं. सांगता सांगता आवाज बारीक होत गेला. गौरवीची मान खाली होती.

"उजवा उचलला की सगळा भार या डाव्यावर येतो," ती हळूच म्हणाली. "त्याला फार दुखत असणार."

काकीने चोच लागलेलं बोट पदरात गुंडाळलं.

"पूर्ण बरा होणार नाही, पण दुखणं कमी करता येईल. पेरूच्या जाडबारीक फांद्या बसवा, खाली, हातभर उंचीच्या आत. एक सपाट फळी द्या. फांदीला सुती कापड घट्ट गुंडाळा, सुटा दोरा ठेवू नका, नख अडकतं. खोबरं बंद, भाजी द्या, सकाळचं कोवळं ऊन द्या. औषध त्याच्या वजनावर मोजून देते. तुमच्या गुडघ्याची गोळी चिमूटभरसुद्धा नको हां! आणि कायद्याने पोपट पाळता येत नाही, ठाऊक आहे ना? दुसरा आणू नका."

"दुसरो खंयचो, बाय," काकी म्हणाली. "ह्योच माका तोंड दाखवीत नाय."

सळी निघाली. फांद्या आल्या, तळाला जुना टॉवेल आला, वाटी खाली आली. महिन्याभरात बुवाच्या पायाची सूज उतरली, तो फळीवर चालायला लागला. पण काकीचा हात दिसला की अजूनही मागे सरतो. औषध धाकूने धरून द्यावं लागतं.

आता काकी केळ्याचा तुकडा आरतीच्या आधीच वाटीत ठेवते. मग पिंजऱ्याकडे पाठ करून उभी राहते, कारण ती बघत असली तर तो खात नाही. आरती संपते, घंटा थांबते, ती हात जोडते आणि वळत नाही. परवा तशी उभी असताना मागून बारीक करकर ऐकू आली. पोट भरून निवांत झालेला पोपट चोचीवर चोच घासतो, तो आवाज. काकी तशीच उभी राहिली, निरांजन विझेपर्यंत. वळली असती तर आवाज थांबला असता.

तर मंडळी, उठण्याआधी एवढं करा. आज दिव्यापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की सर्वणच्या गंगाकाकीची आठवण काढा. तिच्यासाठी हात जोडायला त्या घरात दुसरं कोणी नाही.