फॉर्मवरचा गोल

हिंदुराव भाऊसाहेबांनी त्या दिवशी कागदावर कप ठेवला नसता, तर पायल आज नर्स असती. सुयश हे कुणाला सांगत नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, पोरगं चेष्टा करतंय.

साल अठ्ठ्याण्णव. बारामतीत स्टँडामागं इंद्रजितचं डीटीपी सेंटर होतं आणि सुयश तिथं कॉम्प्युटरवर बसायचा. इंदापूरकडच्या एका नर्सिंग शाळेचे हेडक्लार्क हिंदुराव एक दिवस प्रवेशाच्या फॉर्मचा शेवटचा उरलेला कागद घेऊन आले. फॉर्म छापणारा प्रेस बंद पडला होता आणि त्याचे अक्षरांचे खिळे भंगारात गेले होते. सुयशनं कागद स्कॅन केला, रेघन्‌रेघ नव्यानं आखली आणि नाव, गाव, धर्म, जात यांच्या जागा मोकळ्या सोडल्या. नाव टाका, छापा, पुसा, दुसरं टाका. एकच फॉर्म जन्मभर पुरला असता. मूळ कागदावर चहाच्या कपाचा तपकिरी गोल उमटला होता, तो अर्थातच त्यानं गाळला.

हिंदुरावांनी छापलेली प्रत उजेडात धरली आणि गोल कुठाय म्हणून विचारलं.

सुयश म्हणाला, तो डाग हाय भाऊसाहेब, तुमच्याच कपाचा.

त्यावर हिंदुरावांचं म्हणणं असं, की हाच कागद बैठकीत सर्वानुमते मंजूर झालाय, गोलासकट. मंजूर कागदातलं काही वगळायचा अधिकार त्यांना स्वतःला नाही, तिथं सुयश कोण? मग सुयशनं गोल आखला. मन लावून आखला, एका बाजूला जरा तुटका, कप उचलल्यावर राहतो तसा. इंद्रजितनं बिलात ‘गोल’ अशी वेगळी ओळ घातली.

इकडं गावी, लोणी भापकरला, अप्पांनी, म्हणजे सुयशच्या वडिलांनी, धाकट्या पायलसाठी प्रेसवर छापलेला जुना फॉर्म मार्चमध्येच आणून ट्रंकेत ठेवला होता. मी नवा छापून देतो, असं सुयश दोनदा म्हणाला. अप्पा म्हणाले, तुझी ती नक्कल, ह्यो अस्सल. पायलनं तो अस्सल फॉर्म कोरून काढल्यागत भरला. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहायला तिनं नवीन पेन उघडलं.

शेवटच्या दिवशी अप्पा आणि सुयश फॉर्म घेऊन इंदापूरला गेले. कारकुनानं तो उलटापालटा केला आणि हिंदुरावांकडं सरकवला. गोल नाही, म्हणजे बनावट.

गोल मीच आखलाय, असं सुयशनं परोपरीनं सांगितलं.

हिंदुराव समजूत घातल्यासारखं म्हणाले, “मला म्हाईत न्हाय व्हय रं? पण मंजूर नमुन्यात गोल हाय, ह्याच्यात न्हाय.”

कचेरीतले गोलाचे फॉर्म संपले होते, कॉम्प्युटर बारामतीत होता आणि खिडकी पाचला बंद होणार होती.

तेवढ्यात शिपायानं चहा आणला. हिंदुरावांना कपबशीत आणि अप्पांना खिडकीत एरवी पालथ्या असणाऱ्या काचेच्या ग्लासात. हा ग्लास अप्पांसारख्यांसाठीच तिथं असायचा. अप्पांनी त्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. सुयशनं तो आज पहिल्यांदा पाहिला.

अप्पा चहा प्यायले नाहीत. त्यांनी थोडा टेबलावर सांडला, ग्लासाचं बूड त्यात टेकवलं, मग ग्लास पायलच्या फॉर्मवर ठेवून अलगद उचलला. गोल झकास उमटला. एका बाजूला तुटकासुद्धा.

हिंदुरावांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

“बारीक हाय, अप्पा. ह्यो आमच्या कपाचा न्हाय.”

“मग तुमचा कप द्या की घटकाभर,” अप्पा म्हणाले.

शिपायानं पुढं होऊन हिंदुरावांचा अर्धा भरलेला कप उचलला आणि धुवायला नेला. पाच वाजेपर्यंत तो धूतच होता.

पुढच्या साली पायल वयाच्या अटीत बसली नाही. इंद्रजितनं तिला सेंटरात ठेवून घेतलं. काम सोपं आहे: छापलेल्या प्रत्येक फॉर्मवर गोल नीट उमटलाय का, तेवढं बघायचं. तिच्या हाताखालून गेलेला एकही फॉर्म अजून परत आलेला नाही.