सिस्टर वॉल्बर्गांचा सूक्ष्मदर्शक

पितळेचा, जड बुडाचा, एका डोळ्याचा आणि अलीकडे जरा चिडका झालेला असा मी एक सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, माझ्या भिंगाखाली आजवर काय काय आलं ते सांगितलं तर तुम्ही भरल्या ताटावरून उठाल. सडका मासा, गटाराचा गाळ, डुकराच्या आतड्यातले जंत, आजारी मुलांची शी. मला कशाचीही किळस आली नाही. माझं कामच ते. किळस म्हणजे काय ते मला यंदाच्या मार्च महिन्यात कळलं, आणि तेही पांढऱ्या टेबलक्लॉथवर, फुलांच्या शेजारी बसून.

पण आधी माझा जन्म. एका मोठ्या सरोवराकाठच्या कारखान्यात मला घडवलं. माझी भिंगं मुलींनी घासली. पुरुषांची बोटं जाड पडतात, असं तिथला मुकादम म्हणायचा. एकोणीसशे सत्तावीस साली गवत भरलेल्या खोक्यात बसून मी विस्कॉन्सिनला आलो, टेकडीवरच्या सेंट ओडिलिया कॉलेजात. हे मुलींचं कॉलेज. संन्यासिनी सिस्टर्स ते चालवत. माझ्यासाठी त्यांनी दोन हिवाळे नवे बूट घेतले नव्हते. जुन्यांनाच टाचा मारून घेतल्या होत्या. हे मला खोकं उघडताना ऐकू आलं, आणि मी मनाशी म्हटलं, यांना आपण कधी धूसर काही दाखवायचं नाही.

माझ्यावर बसून काम करायच्या त्या सिस्टर वॉल्बर्गा केसलर. शेतकऱ्याची मुलगी. पंजे रुंद, आवाज मोठा. काळ्या झग्यावरचा डोक्याचा पदर सारखा माझ्या नळीवर यायचा, म्हणून त्या तो मागे नेऊन कपडे वाळत घालायच्या चिमट्याने अडकवायच्या. मुली तोंडाला रुमाल लावून हसायच्या. सिस्टर म्हणायच्या, "हसून झालं की सांगा, मग पेशी बघू."

सन एक्कावन्नच्या वसंतात लुडमिला हावलिक नावाची एक विद्यार्थिनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली जॅमची बरणी घेऊन आली. चेक माणसांची ही पोर, नदीकाठच्या खालच्या वस्तीत राहणारी. बाप कागदाच्या गिरणीत कामाला. ती दारातच उभी राहिली.

"काय गं, आत ये की. काय आणलंस?"

"सिस्टर, सांगायला लाज वाटते. माझी धाकटी बहीण, व्लास्ता, पाच वर्षांची. तिचं पोट वाहायचं थांबतच नाही. हे तिचं... सकाळचं आहे."

"मग लाज कसली त्यात? गोठ्यात वाढलेय मी. उघड झाकण."

काचपट्टीवर टोकभर ठेवून त्यांनी ते माझ्या भिंगाखालच्या पाटावर सरकवलं. मी जे पाहिलं तेच त्यांना दाखवलं. नासपतीच्या आकाराचा एक जीव, आणि त्याच्या अंगावर दोन गोल डाग, अगदी डोळ्यांसारखे.

लुडमिला दचकून मागे सरली. "सिस्टर, हा आपल्याकडे बघतोय!"

"बघू दे. आपणही बघू हा कुठून आला ते."

मग दोघी रोज दुपारी टेकडी उतरू लागल्या. घरोघर जायचं, विहिरीचं पाणी घ्यायचं, कुणाला काय होतंय ते लिहायचं. नदीचंही पाणी घ्यायचं, वरच्या अंगाचं आणि खालच्या अंगाचं. गिरणीच्या शौचालयांचा पाईप थेट नदीत सुटत होता. पाईपाच्या वरचं पाणी माझ्याखाली स्वच्छ दिसायचं. पाईपाच्या खालचं पाणी आणि वस्तीच्या विहिरींचं पाणी आलं की ते डोळेवाले जीव यायचे. पुन्हा पुन्हा, न चुकता. सिस्टरनी एकतीस पानं लिहिली. आकृत्या स्वतः काढल्या. अकराव्या पानावर पाईप होता.

शेजारीच मुलांचं कॉलेज होतं. त्याचे प्रमुख फादर ब्रेनन. दोन्ही कॉलेजांतलं काहीही छापायला जायचं ते त्यांच्या हातून. ते सिगार ओढत आले. पानं चाळली, माझ्यातून क्षणभर डोकावले आणि राख झटकली ती माझ्या पाटावर.

"फार सुबक काम आहे, सिस्टर. पण छापील कागदावर संन्यासिनीचं नाव शोभत नाही. विनय हाच तुमचा दागिना."

"नाव नको माझं, फादर. पण पाईपाचं पान राहू दे."

"पाईप हा अगदी किरकोळ तपशील आहे."

"त्या तपशिलातनं पोरं आजारी पडतायत."

फादर हसले. मला ते हसू आवडलं नाही. "आज्ञापालनाची शपथ घेतलीये ना तुम्ही? आठवतेय ना?"

लेख छापून आला. वर नाव फादर ब्रेननांचं. सिस्टरांच्या आकृत्या जशाच्या तशा. अकरावं पान नाही, वस्तीचं नाव नाही, गिरणीचा उल्लेख नाही. 'एका नदीतले काही सूक्ष्म जीव' एवढंच. दुसऱ्या वर्षी गिरणीवाल्यांनी विज्ञानाची नवी इमारत बांधून दिली आणि तिला फादरांचं नाव दिलं. मी त्या इमारतीतच राहायला गेलो. सिस्टर वॉल्बर्गा मात्र तिथे आल्या नाहीत. त्यांना ऑगस्टमध्येच दूर डकोटाच्या माळावर, पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवायला पाठवून दिलं होतं. त्या तिथेच वारल्या, असं मी पुढे ऐकलं.

नंतरची वर्षं मी शिकवण्यात घालवली. कांद्याची साल, बेडकाचं रक्त, तेच ते. मुलामुलींची कॉलेजं एक झाली, विद्यापीठ झालं, दिव्यावर चालणारे नवे सूक्ष्मदर्शक आले, आणि मी तळघरातल्या कपाटात गेलो. तिथे ओल होती. माझ्या भिंगात बुरशी धरली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. तीस-पस्तीस वर्षं मी त्या जाळ्यातून कपाटाचं दार बघत होतो.

मला बाहेर काढलं ते येसेनिया कोर्दोव्हाने. ती प्रयोगशाळेत साहित्य सांभाळते. तिची आई याच इमारतीच्या फरशा पुसायची. तिने मला उचललं, फुंकर मारली आणि म्हणाली, "अरे देवा, तुला कुणी असं टाकलं?" किती वर्षांनी कुणी मला काही विचारलं होतं.

मार्च म्हणजे तिथे महिलांच्या इतिहासाचा महिना. चर्चच्या पायऱ्यांपासून कँटीनपर्यंत जांभळ्या पताका. प्रसिद्धी विभागाच्या ट्रेसी लॉरेन्सन तळघरात आल्या आणि मला बघून टाळी वाजवली.

"कसला गोड आहे हा! जेवणाच्या कार्यक्रमाला मध्यभागी ठेवू."

येसेनिया म्हणाली, "भिंगात बुरशी आहे, मॅडम. दोन दिवस द्या, साफ करते."

"छे गं, त्यातून बघायचंय कुणाला? वरून तेवढा चमकव."

तर मी चमकून सभागृहात गेलो. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार होता, म्हणून मांस नव्हतं; मासा तेवढा चालतो. तळलेला मासा, कोबी, आणि जांभळ्या आयसिंगचे छोटे केक. फोटो काढणाऱ्या मुलाला काय सुचलं कोण जाणे, त्याने एक केक उचलून माझ्या पाटावर ठेवला, जिथे व्लास्ताची काचपट्टी ठेवली होती तिथे. ट्रेसीबाई म्हणाल्या, "वा, मस्त!" दिव्यांच्या उष्णतेने आयसिंग वितळलं आणि माझ्या दातेरी चाकांत उतरलं. चिकट, गुळचट. मित्रांनो, आयुष्यभर मी घाण पाहिली, पण घाण खोटं बोलत नाही. तो केक माझ्या अंगावर बसला आणि मला ओकारी आली. पोट नाही म्हणून निभावलं.

माझ्यासमोर एक छापील कार्ड होतं. 'थोर संशोधक फादर ब्रेनन यांचा सूक्ष्मदर्शक. सिस्टर वॉल्बर्गा तो प्रेमाने पुसून ठेवत.'

त्या दिवशी सर्वांत जुन्या विद्यार्थिनीचा सत्कार होता. काठी टेकत एक म्हातारी आली. पाठ वाकलेली, केस कापसासारखे. ती माझ्यापाशी थांबली आणि तिने माझं चाक अंगठ्याने फिरवलं, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. असं चाक फिरवायला सिस्टर वॉल्बर्गांनीच शिकवलं होतं. मी तिला तिथेच ओळखलं. लुडमिला! त्र्याण्णव वर्षांची. चाळीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. तिने केक उचलून बाजूला ठेवला आणि कार्ड नाकाजवळ नेऊन वाचलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"आमच्या टीमने, मिस हावलिक!" ट्रेसीबाई पुढे आल्या. "आवडलं?"

"यात चूक आहे."

"अगं बाई! स्पेलिंगची?"

"नाही. स्पेलिंग तेवढं बरोबर आहे. ते काम कुणाचं होतं याबद्दल मी तुम्हाला तीनदा पत्र लिहिलंय. तिन्ही वेळा आभाराचं कार्ड आलं."

ट्रेसीबाई हसल्या आणि तिच्या कोटाला जांभळं फूल टाचू लागल्या.

लुडमिलाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने माईक धरला आणि सगळं सांगितलं. बरणी, विहिरी, एकतीस पानं, अकरावं पान, राख. तिने आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "पुढच्या फेब्रुवारीत माझी बहीण गेली. कारण न्यूमोनिया लिहिलंय. पण ती वाळून काटकी झाली होती, तिच्यात खोकायचंही बळ उरलं नव्हतं. पाईप त्यानंतर चार वर्षांनी बंद झाला. आमच्यासाठी नाही, गिरणीला स्वतःचं जुनं बांधकाम पाडून नवं करायचं होतं म्हणून. तो लेख सिस्टर वॉल्बर्गांचा आहे. फादरांच्या नावाची विज्ञानाची इमारत तो पाईप लपवल्याच्या मोबदल्यात उभी आहे. माझं म्हणणं एवढंच."

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. कुणीतरी विचारेल. आणि मग मित्रांनो, टाळ्या झाल्या. भरभरून, उभं राहून. लोकांनी डोळे टिपले, मोबाइलवर फोटो घेतले आणि कॉफीसाठी रांग लावली. एका गृहस्थांनी माझ्याजवळ येऊन विचारलं, "यात दूध नाहीये ना?" केकबद्दल.

ट्रेसीबाईंनी लुडमिलाचे दोन्ही हात धरले. "किती प्रेरणादायी बोललात! यातली दोन वाक्यं पोस्टरवर घेतो आम्ही. ते पाईपाचं तेवढं नको. आनंदाचा महिना आहे ना, आणि ते... जरा कसंतरीच वाटतं."

"पुन्हा तेच पान काढलंत," लुडमिला म्हणाली.

"सॉरी?"

"काही नाही. आणि कार्ड?"

"कार्डाचा विषय समितीपुढे ठेवू. पुढच्या मार्चपर्यंत नक्की."

"पुढच्या मार्चपर्यंत मी असेन, असं समितीला कुणी सांगितलं?"

तिने कोटावरचं फूल काढलं. ते कुठे ठेवावं तिला कळेना. शेवटी तिने ते कोबीच्या बशीत ठेवलं. मी तिथे होतो, आणि मला आजवर इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी गप्प राहिलो होतो. यंत्राला बोलता येत नाही ही सबब खरी असली तरी तिने मन शांत होत नाही.

मला परत न्यायला येसेनिया आली होती. ती दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिने मला उचललं आणि लुडमिलाजवळ जाऊन हळूच विचारलं, "मिस हावलिक, खाली माझ्याकडे येता का? लिफ्ट आहे. माझ्याकडे कोरे कागद आहेत, आणि शुक्रवारी दुपारी मला काम नसतं."

"किती कागद?"

"तुम्ही सांगाल तितके."

लुडमिला चार शुक्रवार आली. येसेनियाने माझी भिंगं काढून एकेक साफ केली. चाकांतली साखर गरम पाण्याच्या बोळ्याने काढली, आणि ती काढताना शिव्याही दिल्या, स्पॅनिशमध्ये. मला त्या ऐकून बरं वाटलं. दोन-तीन विद्यार्थिनी आपणहून यायला लागल्या. लुडमिला बोलायची, त्या लिहून घ्यायच्या. सिस्टरांची एकतीस पानं कुणाकडेच उरली नव्हती. पण ज्या घरांत त्या दोघी गेल्या होत्या ती घरं लुडमिलाला पाठ होती. गल्लीच्या टोकापासून ती एकेक नाव घेत यायची. "प्रोखाझ्का. सहा माणसं, दोन आजारी. पुढचं ड्वोराक. विहीर परसात." चुकली की डोळे मिटून पुन्हा पहिल्या घरापासून निघायची.

शेवटच्या शुक्रवारी ती त्रेचाळिसाव्या घराशी आली.

"हावलिक," ती म्हणाली. "पाच माणसं." मग कागदावर बोट टेकून, "लिही गं. नंतर चार."

लिहिणाऱ्या मुलीने पेन खाली ठेवलं. लुडमिलाने ते उचलून परत तिच्या हातात दिलं.

ते कागद आता गावच्या वाचनालयात आहेत. वर पहिलं नाव सिस्टर वॉल्बर्गा केसलर, दुसरं लुडमिला हावलिक. पाईप अकराव्या पानावर आहे, कारण लुडमिलाने तो तिथेच हवा असं सांगितलं. विद्यापीठाने आपल्या मासिकात कार्यक्रमाचे फोटो छापले. त्यात केक आहे. कार्डावर आता 'फादर ब्रेनन व त्यांच्या सहकारी' असं आहे. सहकारीला नाव नाही. ते वाचलं की माझं पितळ अजून काळवंडतं.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, शिवणयंत्र असेल, हार्मोनियम असेल. त्याला हार घालण्याआधी एक विचारा: यावर बसून काम कुणी केलं? ते माहीत असलेलं माणूस शोधा, आणि ते बोलेल ते शाईने लिहून घ्या. त्याला पुढच्या वर्षीची तारीख देऊ नका. आजच त्याच्या घरी जा.