उचगावातला मुका पिक्चर

"आण्णा, शंभर वर्षांपूर्वीचा पिक्चर हाय. मुका. पण लई हसवतोय," क्रांती म्हणाली, तेव्हाच मी कपाळावर हात मारला.

क्रांती आमच्या शेजारची पोरगी. कोल्हापुरात सिनेमा क्लब चालवते, आणि उचगावच्या आमच्या दूध संस्थेच्या बायकांना शहाणं करायचा तिनं विडा उचललाय. यंदाच्या हळदीकुंकवाला तिनं हे काढलं. मी स्पष्टच सांगितलं, "अगं, आता माणसं मोबाईलवर अर्ध्या मिनटाला एकदा हसत्यात. तुझा काळा-पांढरा मुका कोण बघतंय? जांभया देतील." मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. माणसं कशानं हसतात आणि कशानं भडकतात, हे मला कुणी शिकवायला नको.

खरं सांगायचं तर मला पिक्चरची फिकीर नव्हती. काळजी होती ती माझ्या बायकोची, बनाबाईची. तीन वर्षांपूर्वी तिचे कान गेले. मशीन आणलं, पण "डोस्क्यात भांडी पडल्यागत हुतंय" म्हणून तिनं ते कपाटात टाकलं. आमच्याकडं आधीच सगळे मोठ्यानं बोलणारे, आता तर बोंबलतोच. नव्या माणसाला वाटतं, घरात भांडण चाललंय.

एके काळी ही बाई अख्खी गल्ली हसवायची. आता चारचौघींत बसली, की सगळ्या हसल्यावर इकडंतिकडं बघायची आणि मग हसायची. एका डोहाळजेवणात हिची मैत्रीण बाळाबाई बोलून गेली, "बनीचं हसू मागल्या गाडीनं येतंय." बाळाबाईच्या मनात वाईट नव्हतं. पण हिनं ते ओठांवरून ओळखलं, आणि त्या दिवसापासून कुठल्या कार्यक्रमाला म्हणून गेली नाही. आज मी हातापाया पडून आणली होती. "तुमी शेजारी बसणार असला तरच येतो," ही तिची अट. आज पुन्हा फजिती झाली तर ही परत माणसांत यायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी तीनला संस्थेच्या हॉलचे पडदे ओढले आणि पिक्चर सुरू झाला. मिनिटभरात मागून आरोळी आली, "आवाज!" मग दुसरी, "आवाज सोडा की ओ!"

स्पीकरवाला सयाजी हळदीकुंकवाच्या गाण्यांसाठी आला होता. पिक्चर मुका आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बिचारा धावत सुटला. वायरी हलवल्या, माईकवर फुंकर मारली, "हॅलो, हॅलो, चेक" केलं, सगळी बटणं फिरवली. स्पीकरनं अशी शिट्टी मारली की बायकांनी कानांवर हात ठेवले. शेवटी क्रांती ओरडली, "अवो सयाजीदादा, पिक्चरच मुका हाय!"

हॉलभर हशा फुटला. बायका पोट धरून हसल्या. हिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग हसली. बाळाबाईनं वळून पाहिलं. हिनं पदर सावरला, माझी बाही ओढली. "चला घरला."

मी तिचा हात धरून ठेवला. तिनं नाइलाजानं तोंड पडद्याकडं केलं.

पडद्यावर एक किडमिडीत माणूस कुणा श्रीमंताकडं जेवायला आला होता. बघत कुणीच नव्हतं. बायका अजून सयाजीची चेष्टा करत होत्या, दोघी-तिघींनी मोबाईल काढले होते. हिचे डोळे मात्र तीन वर्षं कानांचंही काम करत आलेत. ही एकदम खुदकन हसली. मग मोठ्यानं. सगळ्या वळल्या.

"अगं, खुर्ची बघा! कुत्र्यानं पाय पळवला खुर्चीचा!"

हिचा आवाज आता हिच्या ताब्यात नसतो. सगळ्या हॉलला ऐकू गेलं, आणि सगळे डोळे त्या तीन पायांच्या खुर्चीवर गेले. पाहुणा बसणार, तेवढ्यात घरमालकीण आली, तो उठला. पुन्हा बसणार, तेवढ्यात घरातला म्हातारा आला, पुन्हा उठला. बायकांचे श्वास अडकले. हिला काही राहवेना.

"ओ पावणं! बसू नगासा!"

पावणं बसलं. टेबलावरची चादर, रश्श्याचं भांडं आणि म्हाताऱ्याचा केसांचा टोप घेऊन आडवं झालं. बाळाबाईच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मोबाईल पिशव्यांत गेले. पुढचा अर्धा तास जो तो ओरडत होता, "पावणं, मागं बघा!" आणि सगळ्यांच्या आधी हसत होती ती आमची ही. सयाजी वायर गुंडाळायची सोडून जमिनीवर बसला होता. माझा अंदाज सपशेल चुकला, आणि इतका आनंद मला आयुष्यात कुठल्या बरोबर अंदाजानं झाला नव्हता.

मी पडदा सोडून तिचंच तोंड बघत बसलो होतो. तेवढ्यात केवढा तरी हशा झाला. माझं बघायचं निसटलं होतं. मी तिचा दंड हलवला. "काय झालं?"

तिनं ओझरतं माझ्या ओठांकडं पाहिलं, पुन्हा पडद्याकडं वळली आणि माझ्या हातावर थोपटलं. "काय न्हाय. मग सांगतो."

माझं हसू तिथंच थांबलं. आमच्याकडं बायकाही 'सांगतो'च म्हणतात, त्यामुळं शब्द तंतोतंत माझेच होते. लग्नात, टीव्हीसमोर, लेकाचा फोन आल्यावर ती विचारायची, "काय झालं?" आणि मी तिच्याकडं न बघता हेच म्हणायचो. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात ते खोटं नाही. तिनं टोमणा मारला नव्हता, ती खरंच पिक्चरमध्ये गुंतली होती. म्हणून तर जास्त लागलं. तीन वर्षांत मी एकदाही मग सांगितलं नव्हतं.

कार्यक्रम संपला. घरी निघालो तर डेअरीच्या कोपऱ्यावर ही थांबली.

"मगाशी इचारलासा न्हवं, काय झालं म्हणून?"

वाणाची पिशवी तिनं माझ्या हातात दिली, पदर खोचला, आणि भर रस्त्यात त्या पावण्यासारखी चालून दाखवत मला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून.