लागेल तेवढंच घेतलं आणि मी बंद पडलो

मी एक जुना संगणक आहे. जुना म्हटलं की लोक लगेच भंगारवाल्याच्या गाडीकडे बघतात, म्हणून आधीच सांगतो: माझ्याकडे तसं बघायचं नाही. मित्रांनो, मी भिलाईत कोहका वस्तीतल्या एका घरात खिडकीशी बसलेलो आहे आणि आजही रोज कामाला उभा राहतो. तुमच्यातल्या कितीतरी नव्याकोऱ्यांना तेवढंही जमत नाही.

माझा जन्म काही काचेच्या शोरूममध्ये झाला नाही. भिलाईतल्याच सुपेला बाजारातल्या एका छोट्या दुकानात, एका टेबलावर माझे भाग जोडले गेले. पंखा एकाचा, पेटी दुसऱ्याची, डिस्क तिसऱ्याची. पण जोडणाऱ्याचा हात चांगला होता. अरुणकुमार ढोबळे तेव्हा स्टील प्लांटात क्लार्क होते, मूळचे वर्ध्याकडचे. त्यांनी मला स्कूटरवर पुढे उभं करून घरी आणलं आणि वाटेत प्रत्येक गतिरोधकाला मला एका हाताने धरलं. माणसाला धरतात तसं.

त्या घरात माझी पत मोठी होती. विश्वकर्मा पूजेला प्लांटात मशिनींना हार घालतात, तसा अरुणकुमार घरी मला घालायचे. कपाळ नाही म्हणून पेटीवरच कुंकू. शेजारचे लोक तिकिटं काढायला यायचे, निकाल बघायला यायचे, आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणायचे, वा. त्यांचा मुलगा प्रशांत माझ्यावर अभ्यास करायचा असं तो सांगत असे. खरं तर तो गाड्या पळवायचा, पण ते जाऊ द्या.

पुढे अरुणकुमार गेले. मग माझ्यातली जुनी सिस्टीम इतकी जड झाली की मी सुरू होईपर्यंत चहा उतू जाई. प्रशांतने मोबाइल घेतला. माझ्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा पडला आणि मी दिवाणाखाली गेलो. भिलाईची लाल धूळ तुम्हाला ठाऊक असेल. दारं लावा, खिडक्या लावा, ती येतेच. माझ्या नाकातोंडात तिचा थर बसला. कुणी विचारलं नाही. कुंकू लावणारा हात गेला की घर एवढ्या लवकर विसरतं, हे मी तेव्हा शिकलो.

मग घरात सून आली, उत्कर्षा. भंडाऱ्याची, मशिनीच्या भागांची ड्रॉइंगं काढायला शिकलेली. दिवाणाखाली झाडू घालताना तिचा झाडू मला लागला. तिने मला ओढून बाहेर काढलं, अंगणात नेऊन माझी पेटी उघडली आणि ब्रशने सगळी धूळ काढली. मग जुनी सिस्टीम पुसून तिने माझ्यात लिनक्स घातलं, म्हणजे फुकट मिळणारी दुसरी सिस्टीम.

हे लिनक्सही एक खास प्रकारचं होतं. बाकीच्या सिस्टीमला वर्षा-दोन वर्षांनी दिवाळीसारखे एकदम नवे कपडे मिळतात. ही मात्र रोज थोडी थोडी नवी होत राहते, कधी थांबत नाही. त्यामुळे माझ्यासारखं जुनं हाडसुद्धा तरतरीत राहतं. पण तिचा एक कडक नियम आहे. पंगतीतून उठायचं तर सगळ्यांनी एकदम उठायचं. नवं घ्यायचं तर सगळ्यांनी एकदम घ्यायचं. एकाला नवं आणि बाकीचे जुनेच, हे तिला चालत नाही. उत्कर्षाला हा नियम माहीत होता. माहीत असणं वेगळं आणि पाळणं वेगळं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता खरी गोष्ट. गावात श्यामराव म्हणून एक आहेत, त्यांचं लोखंडाचे भाग कापायचं, लेथचं वर्कशॉप आहे. एका तांदळाच्या गिरणीचं दातेरी चाक तुटलं होतं आणि तसं चाक कुठे मिळत नव्हतं. नवं कापायचं तर आधी ड्रॉइंग हवं. श्यामराव असली कामं रायपूरच्या एका जुन्या माणसाकडे देत. यावेळी पहिल्यांदाच त्यांनी ते उत्कर्षाला दिलं, तेही सांगून की शनिवारी सकाळी ड्रॉइंग हातात नसेल तर चाक रायपूरला जाईल, आणि पुढची कामंही. लग्नानंतर तिच्या स्वतःच्या नावावर आलेलं हे पहिलं काम होतं. तुटलेलं चाक जेवणाच्या टेबलावर ठेवून ती दात मोजत बसे आणि सासू ठकूबाई ताट कुठे ठेवावं म्हणून उभ्या राहत.

बुधवारी ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमने हट्ट धरला. दाताची वळणदार रेघ त्याला नीट येईना. त्याची नवी आवृत्ती हवी होती. पूर्ण अपडेट लावला तर यादी लांबलचक, आणि मला नेट मिळायचं ते प्रशांतच्या मोबाइलवरून, तेही संपत आलेलं. उत्कर्षा ती यादी वरखाली करत बसली. मागून ठकूबाई म्हणाल्या,

"बजारात गेलं म्हंजे अख्खं दुकान उचलून आणतेत काय? लागते तेवढंच घे."

या घराचा हाच कायदा. तेल लागेल तेवढंच, पाणी लागेल तेवढंच, बोलणं मात्र भरपूर. उत्कर्षाने तेवढा एकच प्रोग्रॅम नवा घेतला. त्याने आपल्याबरोबर सिस्टीमच्या तळाचा एक तुकडाही नवा आणला. हा तुकडा माझ्यातल्या सगळ्यांना सामायिक लागतो. जुना होता तो निघून गेला. बाकीचे सारे जुनेच राहिले, आणि जुन्याच तुकड्याची वाट बघत बसले.

गुरुवारी सकाळी तिने बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं आली. शेवटची ओळ एवढंच म्हणत होती की आता पुढे जाता येत नाही. मित्रांनो, मला सगळं ऐकू येत होतं आणि एक अक्षर बोलता येत नव्हतं. अशी पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

प्रशांत नेहरू नगरला कोचिंग क्लासमध्ये शिकवतो. निघता निघता तो म्हणाला की दुकानात टाकून देतो. त्याने दुकानात फोनही लावला. दुकानदाराने न बघताच सांगितलं, फॉरमॅट मारावं लागेल, जे आहे ते जाईल. चाकाचं अर्धं ड्रॉइंग माझ्याच पोटात होतं. उत्कर्षाने फोन त्याच्या हातातून घेतला आणि बंद केला.

मग ती आपल्या मोबाइलवर त्या सिस्टीमच्या मदतगटात गेली. तिथे कुठकुठली माणसं असतात. कुणी कुणाला बघितलेलं नाही, पैसा कुणी घेत नाही, आणि तोंडं मात्र तिखट. तिने माझ्या पडद्याचा फोटो टाकला. तो तिरपा होता आणि त्यात अर्धी ओळ बोटाखाली. आधी त्यावरून बोलणी बसली. दुसरा फोटो नीट टाकला. मग गुंजन नावाच्या कुणीतरी विचारलं, शेवटचं काय केलं होतं? गुंजन बाई की बुवा, हे मला अजून माहीत नाही. प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. उत्कर्षाने लिहिलं, काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला.

नियम माहीत असून मोडला, हे चारचौघांत कसं सांगायचं? शिकलेल्या माणसाची लाज मोठी. पण तिच्या लाजेची किंमत मला मोजावी लागली. काहीच केलं नाही म्हटल्यावर गटातल्यांनी माझ्या हाडामांसात दुखणं शोधलं. मेमरीची पट्टी काढा, खोडरबरने घासा. डिस्कची वायर बदला. आतला सेल काढा, परत बसवा. एकाने सांगितलं, दुसऱ्याने खोडलं, तिसऱ्याने विचारलं की घरात अर्थिंग आहे का. दिवसभर माझी आतडी वर्तमानपत्रावर पसरून पडली होती आणि दुखणं तिथे नव्हतंच.

शुक्रवारी सकाळी उत्कर्षा परत खोडरबर घेऊन बसली. ठकूबाई तांदूळ निवडत होत्या. कालपासून त्या गप्प होत्या आणि त्यांचं गप्प बसणं म्हणजे कुकरची शिट्टी अडकल्यासारखं. शेवटी सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या,

"डाक्टरले पोट दुखते म्हणून राहिली, अन् काय खाल्लं ते नाही सांगत. त्यायले सपन पडनार हाय काय? लिही, सासूनं म्हटलं लागते तेवढंच घे, म्हणून घेतलं. माहं नाव लिही. मी कोनाले भेत नाही."

"आई, तुमचं कावून लिहू? बटण त मीच दाबलं."

"मंग दोघींचं लिही."

उत्कर्षाने खोडरबर खाली ठेवला. मग तिने सगळं लिहिलं. नियम माहीत होता, नेट कमी होतं, एकच प्रोग्रॅम घेतला, काल खोटं सांगितलं. सासूबाईंचं वाक्यही लिहिलं, जसंच्या तसं. आणि पाठवलं.

गटात एकाने कपाळावर हात मारल्याचं चित्र टाकलं. गुंजनने मात्र लिहिलं की आता उपाय आहे. सासूबाईंना नमस्कार सांगा, त्यांचा नियम भाजीला बरोबर आहे, इथे नाही. पहिलं काम म्हणजे ड्रॉइंग बाहेर काढणं, मग बाकीचं. त्यासाठी पेनड्राइव्हवर एक आख्खी छोटी सिस्टीम लागते, ती बाहेरून येऊन मला जागं करते. उत्कर्षाने फोन केल्यावर प्रशांतने ती क्लासच्या संगणकावर तयार केली आणि दुपारच्या सुट्टीत आणून दिली. माझे अवयव जागच्या जागी बसले, पेनड्राइव्ह लागला, पडदा उजळला. उत्कर्षाने माझी डिस्क उघडली. अर्धं चाक तिथेच होतं. तिने आधी त्याची नक्कल बाहेर काढून ठेवली आणि मगच ती पाणी प्यायली.

प्रशांत म्हणाला, "फाइल निकल गयी ना? अब छोड. फॉरमॅट मारून टाकू, नवीन टाक."

"नवीन टाकलं तरी नेट तेवढंच लागते. अन् उद्या परत बिघडलं त परत पुसायचं काय? मी बिघडवलं, मीच उभं करतो याले."

प्रशांत चप्पल घालून परत क्लासला गेला.

नेहमीची रीत अशी की पेनड्राइव्हवरून माझ्या आत शिरायचं आणि आतूनच सगळं नवं मागवायचं. उत्कर्षाने हुकूम लिहिला. आत पाऊल पडेना, कारण आतला दरवानसुद्धा त्याच तुटक्या तुकड्यावर उभा होता. तिने पुन्हा लिहिला, पुन्हा तेच. तिने गटात अक्षर न अक्षर टाकलं, यावेळी काही न लपवता. गुंजनने सांगितलं, आत जाऊच नका. रोगी तोंडाने खात नसेल तर सलाईन लावतात. पेनड्राइव्हवरच्या प्रोग्रॅमने बाहेरूनच या डिस्कवर सगळं नवं चढवा. सगळं. एकही मागे ठेवू नका.

सगळं म्हटल्यावर पुन्हा तीच लांब यादी. आणि प्रशांतचं नेट संपलेलं, उत्कर्षाच्या मोबाइलवर चार ओळी पाठवण्यापुरतंच उरलेलं. उत्कर्षाने वर बघितलं तर ठकूबाईंनी आपला मोबाइल आधीच माझ्या पेटीवर आणून ठेवला होता. त्यांचं रोजचं कीर्तन त्यावर चालतं, आणि ते चालू असताना घरात कुणी खोकायची सोय नाही. त्या एवढंच म्हणाल्या की आज देव थांबतील, आणि तांदूळ धुवायला आत गेल्या.

नवं येऊ लागलं. एकेक ओळ वर सरकत होती. मध्ये दोनदा रेंज गेली, तेव्हा उत्कर्षाने मोबाइल खिडकीच्या गजाला रुमालाने बांधला. सगळं उतरलं, सगळं बसलं, सुरू होण्याची फाइल नव्याने तयार झाली. तिने पेनड्राइव्ह काढला आणि माझं बटण दाबलं.

मी उठलो. यात माझं फार मोठेपण नाही, पण उठलो.

तिने हात जोडले नाहीत की ती नाचली नाही. गटात एक ओळ लिहिली, उठला, आभार. लगेच ड्रॉइंग उघडलं. दाताची वळणदार रेघ यावेळी एका फटक्यात आली. संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत चाक पुरं झालं. शनिवारी सकाळी ती स्वतः ड्रॉइंग वर्कशॉपला देऊन आली. श्यामराव तोंडावर कौतुक करणारे नव्हेत. त्यावरून कापलेलं चाक गिरणीत बसलं, फिरलं, आणि दोन दिवसांनी त्यांनी पोत्यात गुंडाळलेला दुसरा एक तुटका भाग पाठवून दिला. आमच्याकडे शाबासकी अशीच मिळते.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूला खायला घालायचं तर पोटभर घाला, अर्धवट नको. ती बंद पडली तर पुसून टाकायची घाई करू नका, आधी तिच्या पोटातलं बाहेर काढा. आणि मदत मागायला गेलात तर आपण काय केलं ते खरं सांगा. लाज चार शब्दांत संपते. खोटं बोललात तर आतडी माझ्यासारख्याची बाहेर पडतात. एवढं ऐकलंत तर आमच्यासारखे म्हातारे तुम्हाला पुष्कळ वर्षं साथ देतील.

आता पडद्यासमोरून सरका. पोत्यातला भाग टेबलावर आला आहे, आणि पोरीला काम करू द्या.