मागचा पाय

आमच्या ह्यांचं, म्हंजे जोतिरामाचं, सारं बालपण दुधनीकडं मेंढरांमागं गेलं. आता सोलापुरात बिऱ्हाड केलं, पण हात मेंढक्याचेच राहिले. कळपातलं मेंढरू धरायचं तर मागचा पाय पकडून ओढायचं, एवढंच त्यांना ठावं. हौसेनं ससा आणला, आन् पहिल्याच दिवशी त्यालाबी तसाच ओढला. वर त्यालाच म्हनाले, ‘भिऊ नगंस.’ ससा जो कपाटाखाली शिरला तो बाहेर यीना.

मग ह्यांनी सशाचे लाड सुरू केले. कोथिंबीर घेऊन कपाटापुढं बसायचं, मेंढरं हाकल्यासारखं ‘हुर्रर्र’ करायचं, आन् ससा तोंड काढतोय तोवर मागच्या पायावर झडप घालायची. ससा परत आत. मग हे माझ्याकडं तक्रार घेऊन यायचे. ‘लई बेइमान जात हाय. खायला घालतोय की मी.’

मी म्हनलं, ‘तुमी काय करू नगा. नुसतं पडून ऱ्हावा.’

रविवारी दुपारी भाकरी खाऊन हे फरशीवर आडवे झाले आन् घोरायला लागले. ससा हळूच बाहेर आला, ह्यांचा हात हुंगला आन् काखेला टेकून बसला. ह्यांना जाग आली तरी तो तितंच होता. हे पडल्या पडल्या ऐटीत म्हनाले, ‘बघ, ओळखलं की न्हाय मला?’

‘ओळखलं की,’ मी म्हनलं. ‘तुमी झोपल्यावरच तेवढे बरे असता, हे त्याला आठवड्यात कळलं. मला कळायला दोन लेकरं व्हावी लागली.’